घड्याळ घालून झोपताना: खान्देशातल्या नव्या वापरकर्त्यांसाठी झोप मोजण्याची माहिती

मुलाच्या पहिल्या पगारातून, लग्नाच्या आहेरात, नाहीतर दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये, कसं का होईना, स्मार्टवॉच आता जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गावागावांत पोहोचलं आहे. दिवसा त्यावर पावलं मोजली जातात, फोन कुणाचा आला ते पाहिलं जातं आणि रात्री ते काढून टीव्हीशेजारी ठेवलं जातं. ते रात्री मनगटावर ठेवलं, तर झोपेबद्दल बरंच सांगू शकतं. पण त्याचं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधी ठरवायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. घड्याळाची खरी कामाची माहिती तीनच गोष्टींची असते: तुम्ही किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात आणि मधे झोप किती वेळा तुटली. गाढ झोपेची मिनिटं, शंभरपैकी मिळालेले गुण, रंगीत पट्ट्या हे सगळं अंदाजाचं काम आहे. नवीन माणूस नेमका याच्या उलट वाचतो. सकाळी उठून आधी गुण पाहतो आणि ६१ दिसले की दिवसभर खट्टू होतो.

घड्याळाला झोप कळते कशी

घड्याळात हालचाल टिपणारा एक सेन्सर असतो. हात बराच वेळ हलला नाही, की माणूस झोपला असावा असं तो धरून चालतो. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीखालच्या रक्तप्रवाहातला चढउतार पाहून नाडीचे ठोके मोजतो. झोप लागली की ठोके मंदावतात. गाढ झोपेत ते संथ आणि एकसारखे होतात, स्वप्नांच्या झोपेत पुन्हा अनियमित होतात. काही घड्याळं लाल आणि अवरक्त प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजनही पाहतात. हालचाल आणि ठोके एकत्र करून ॲप हिशेब मांडतं आणि सांगतं: इथे हलकी झोप, इथे गाढ, इथे स्वप्नांची.

दवाखान्यात झोपेची तपासणी होते तेव्हा डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण मोजतात. श्वास आणि ऑक्सिजन वेगळा मोजतात. स्वप्नांच्या झोपेत बुबुळं भराभर हलतात, हे १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडलं. झोपेच्या टप्प्यांची आजची सगळी विभागणी अशा मोजमापांवर उभी आहे. मनगटावरच्या घड्याळाला ना मेंदूच्या लहरी दिसतात ना बुबुळं. म्हणून झोपेची वेळ त्याला बऱ्यापैकी कळते आणि टप्प्यांबाबत ते चाचपडतं. दोन कंपन्यांची घड्याळं दोन्ही हातांत घालून झोपलात, तर गाढ झोपेचे दोन वेगळे आकडे मिळतील. त्यातला खरा कुठला, या वादात पडू नये.

याच कारणाने एक चूक जवळपास सगळीच घड्याळं करतात: स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाला झोपलेला धरतात. अमळनेरकडचे एक काका झोप लागेना म्हणून तासभर छताकडे बघत पडून होते. सकाळी घड्याळाने तो तास झोपेत जमा केला. ते म्हणाले, "घड्याय म्हनस मी झोपेल व्हतू, मी ते जागाच व्हतू!" काकांचंच बरोबर होतं. झोप लागत नाही ही ज्यांची तक्रार आहे, त्यांनी आपल्या अनुभवाला घड्याळापेक्षा जास्त मान द्यावा.

घड्याळ घेताना

झोपेसाठी घेत असाल तर स्क्रीन किती चमकदार आहे यापेक्षा बॅटरी किती टिकते ते आधी विचारा. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ बहुधा रात्रीच चार्जिंगला लागतं आणि मग झोपेची नोंद राहून जाते. आठवडाभर टिकणारं असेल तर आंघोळीच्या वेळी थोडं थोडं चार्ज केलं तरी भागतं. आपल्याकडे संध्याकाळी लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा.

दुसरं विचारायचं ते दिवसाच्या झोपेबद्दल. बरीच स्वस्त घड्याळं ठरावीक वेळेतच, म्हणजे रात्री नऊ-दहापासून सकाळपर्यंतच, झोप मोजतात. दुपारी दोनला कितीही गाढ झोपा, त्यांच्या दप्तरी ती झोप नसते. भुसावळला रेल्वेत असाल, दीपनगरच्या वीज केंद्रात असाल, जळगाव एमआयडीसीत चटईच्या किंवा डाळीच्या कारखान्यात रात्रपाळी करत असाल, तर हे आधी विचारूनच पैसे मोजा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत झोपेचं पान उघडून बघा.

तिसरं म्हणजे वजन. मनगटावर जड लागणारं घड्याळ माणूस झोपेत नकळत काढून फेकतो. पातळ बँड दिसायला साधा असतो, पण झोपेसाठी तोच जास्त सोयीचा.

"शुगर मोजतं, सुई नको" असं सांगून विकलं जाणारं घड्याळ मात्र घेऊ नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांपासून सावध राहण्याचा जाहीर इशारा दिला आहे. कातडीला न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. मधुमेहाचा माणूस असल्या आकड्यावर इन्सुलिन कमीजास्त करायला लागला, तर जिवावर बेततं.

आणखी एक प्रयोग घरी करता येतो. घड्याळ केळ्याला बांधून हार्ट रेट लावा. रावेर-यावलकडे केळ्याला काय तोटा! कित्येक घड्याळं केळ्याचेही ठोके दाखवतात. हिरवा प्रकाश सालीवरून परत येतो आणि ॲप त्यात लय शोधू लागतं. याचा अर्थ घड्याळ फसवं आहे असा नाही. आकडा दिसला म्हणून तो बरोबर असेलच असं नसतं, एवढं यातून डोळ्यांनी पटतं.

ॲप लावताना

कंपनीचं ॲप फोनवर उतरवून ब्लूटूथने घड्याळ जोडलं, की वय, उंची, वजन, कुठल्या हातात घालणार हे विचारलं जाईल. हे खरं भरा. लिंग आणि वय यांवरून ठोक्यांचा हिशेब बदलतो. घरातल्या नातवाने घाईत "पुढे, पुढे" दाबून आजोबांचं वय पंचवीस करून ठेवलेलं असतं. तसं झालं असेल तर प्रोफाइलमध्ये जाऊन दुरुस्त करा.

त्यानंतरच्या सेटिंग चार आहेत. हार्ट रेट रात्रभर चालू ठेवा, दहा-दहा मिनिटांनी मोजण्यावर ठेवलात तर झोपेचा हिशेब कच्चा राहतो. ऑक्सिजन रात्रभर मोजण्याची सोय असते, पण ती बॅटरी भरभर खाते. घोरण्याची तक्रार नसेल तर पहिल्या महिन्यात ती बंद असलेली चालेल. झोपेच्या वेळी सूचना बंद राहतील अशी वेळ ठरवून द्या. आणि हात उचलल्यावर स्क्रीन पेटण्याची सोय रात्रीपुरती नक्की बंद करा, नाहीतर कूस बदलली की डोळ्यांसमोर दिवा.

"माझी झोप ॲपमध्ये येतच नाही" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. नव्वद टक्के दोष तिथे फोनचा असतो, घड्याळाचा नव्हे, असं मी म्हणेन. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप गुपचूप बंद केली जातात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला आपोआप सुरू होण्याची परवानगी द्या आणि बॅटरीच्या बंधनातून वगळा. एवढं केल्यावर बहुतेकांची अडचण मिटते.

फोन मात्र उशाशी ठेवायची गरज नाही. घड्याळ रात्रीची नोंद स्वतःकडे साठवून ठेवतं, सकाळी फोनजवळ गेलात आणि ॲप उघडलं की ती उतरते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. घड्याळाच्या निमित्ताने एवढी एक गोष्ट झाली तरी झोपेला फायदा होतो. उठायचा गजरही घड्याळातच लावा. मनगटाला थरथर होते, आवाज होत नाही. पहाटे चारला दूध काढायला किंवा गाडी धरायला उठणाऱ्याने सगळं घर जागं करायचं कारण उरत नाही.

मनगटावर कसं बांधायचं

मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला बोटभर अंतर सोडून. पट्टा एवढा घट्ट, की मागचा दिवा कातडीला टेकलेला राहील, आणि एवढा सैल, की खालून करंगळी जाईल. रात्री हात थोडा सुजतो, त्यामुळे वळ उठत असतील तर एक भोक सैल करा.

बांगड्या आणि पाटल्यांचा प्रश्न कंपन्यांच्या पुस्तिकेत सापडत नाही. घड्याळ बांगड्यांच्या मागे सरकलं की दिवा कातडीपासून सुटतो आणि नोंद तुटक येते. ज्या हातात बांगड्या कमी, त्या हातात घालावं आणि ॲपमध्येही तोच हात निवडावा. मनगटावर गोंदण असेल तर त्याची शाई हिरवा प्रकाश अडवते. आपल्याकडे आजीच्या पिढीत आणि सातपुड्यातल्या आदिवासी बायकांच्या हातावर गोंदण बरंच असतं. तिथे ठोके येत नाहीत किंवा भलतेच येतात. गोंदण नसलेल्या जागी सरकवून पाहावं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा रबरी पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठतं. रोज साध्या पाण्याने पट्टा धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून घाला आणि एक दिवसाआड हात बदला. कापडी पट्टा मिळत असेल तर उन्हाळ्यापुरता तो लावा. याउलट धुळ्याला थंडीत पारा एक आकडी होतो. गार पडलेल्या हाताच्या कातडीत रक्त कमी फिरतं आणि ठोके नीट टिपले जात नाहीत. गोधडीच्या आत हात घेतला की नोंद सुधारते.

पहिले दोन आठवडे: काहीही बदलू नका

घड्याळ आलं की लगेच दहाला झोपायचा निश्चय करू नका. आधी आपली रात्र आहे तशी मोजली जाऊ द्या. काही घड्याळांना तर तुमची नेहमीची सरासरी ठरवायलाच दोन-तीन आठवडे लागतात, तोवरचे त्यांचे शेरे वाऱ्यावरचे असतात.

या काळात शेजारी एक वही ठेवा, किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दोन शब्द लिहा. शेवटचा चहा किती वाजता, जेवण किती वाजता, दुपारी झोपलात का, रात्री लाईट गेली का, कूलर होता का, सकाळी कसं वाटलं. घड्याळ रात्री दोनला तुम्ही जागे झालात एवढं सांगेल. मोटर चालू करायला उठलात, की नात रडली, की कूलरचं पाणी संपलं, हे फक्त वही सांगेल. वहीशिवाय घड्याळाची नोंद अर्धीच समजा.

श्रावणातल्या कानबाईच्या जागरणाची रात्र, लग्नाच्या हळदीची रात्र, शेतातल्या भरीत पार्टीची रात्र, यांच्यापुढे खूण करून त्या सरासरीतून डोक्यातल्या डोक्यात वगळा. भरीत-पुऱ्यांचं रात्री अकराचं जेवण मात्र एकदा मुद्दाम पाहण्यासारखं असतं. झोप लागल्यावरही पहिले दोन-तीन तास ठोके खाली येत नाहीत. नेहमीच्या रात्रीच्या आलेखाशेजारी तो ठेवला की फरक लख्ख दिसतो. दारूच्या रात्री हाच फरक आणखी मोठा असतो आणि पहाटेची झोपही तुटक येते.

सकाळी काय वाचायचं, कुठल्या क्रमाने

पहिल्यांदा झोपेची आणि उठण्याची वेळ. आठवड्याच्या सातही रात्री एकाखाली एक पाहा. बहुतेक ॲपमध्ये "आठवडा" असं पान असतं, त्यात उभ्या किंवा आडव्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या एका ओळीत आहेत की जिन्यासारख्या वरखाली? २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६० हजार लोकांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेच्या वेळा नियमित असणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी आढळला आणि हा संबंध झोपेच्या एकूण तासांपेक्षाही ठळक निघाला. घड्याळ सगळ्यात चांगलं टिपतं ती गोष्ट आणि शरीराला लागते ती गोष्ट इथे एकच आहे. म्हणून मी तिला पहिला नंबर देतो.

मग एकूण तास. अमेरिकेतल्या निद्राविज्ञानाच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन प्रौढांसाठी रात्री किमान सात तास झोप सुचवली आहे. घड्याळ पडून राहिलेला वेळही थोडाफार झोपेत मोजतं, त्यामुळे त्याने साडेसहा दाखवले तर प्रत्यक्षात सहाच्या आसपास असतील असं धरून चाला. एका रात्रीवरून काही ठरवू नका, आठवड्याची सरासरी बघा.

त्यानंतर मधलं जागेपण. रात्रीत थोड्या थोड्या वेळासाठी जागं होणं हे निरोगी माणसातही घडतं आणि त्याला सकाळी ते आठवतही नाही. रोज ठरावीक वेळी मोठी भेग दिसते का, एवढंच शोधा.

मग रात्रीचे ठोके. स्वतःच्याच नेहमीच्या आकड्याशी तुलना करा, शेजाऱ्याच्या नव्हे. रोज ५८ असणारे अचानक ६८ झाले तर ताप येऊ घातलेला असतो, उन्हातली दगदग झालेली असते, नाहीतर रात्रीचं जेवण जड झालेलं असतं.

टप्पे सगळ्यात शेवटी, आणि तेही महिन्याकाठी. झोपेची एक फेरी साधारण नव्वद मिनिटांची असते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त येते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. म्हणून कायम पहाटे तीनला उठणाऱ्याची स्वप्नांची झोप कमी दिसते. वय वाढलं की गाढ झोप आपोआप कमी होते, सत्तरीच्या आजींनी नातवाच्या आकड्याशी बरोबरी करायला जाऊ नये.

आणि गुण? ते कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेले असतात, प्रत्येकीचं सूत्र वेगळं. ॲपच्या पहिल्या पानावरून ती चौकट काढता येत असेल तर काढून टाका. गुणांच्या मागे लागून झोप उडालेल्या रुग्णांचं वर्णन संशोधकांनी २०१७ मध्येच केलं आहे आणि त्याला "ऑर्थोसोम्निया" असं नावही दिलं आहे. सकाळी ताजंतवानं वाटत असताना गुण पाहून थकवा जाणवायला लागला, तर घड्याळ पंधरा दिवस कपाटात ठेवा.

एका वेळी एकच बदल

दोन आठवड्यांची नोंद हातात आली की एक गोष्ट निवडा आणि तीच बदला. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पहिला संशयित उकाडा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. दहाला अंथरूण धरलं तरी घड्याळ बाराशिवाय झोप दाखवत नाही, हे मे महिन्यातलं घरोघरचं चित्र. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि भिंतीच गरम असतील तर ते उतरत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तिथे झोपायची आपली जुनी पद्धत या हिशेबाने अगदी शास्त्रशुद्ध आहे. चार रात्री गच्चीवर आणि चार रात्री खोलीत झोपून झोप लागण्याच्या वेळेतला फरक स्वतः पाहा.

कूलर वापरत असाल तर समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि झोप तुटते. पहाटे तीन-साडेतीनला रोज भेग दिसत असेल तर टाकीतलं पाणी तेव्हा संपतं का ते बघा. पाणी संपल्यावर कूलर नुसती गरम हवा फेकतो. झोपण्याआधी टाकी काठोकाठ भरून तीन-चार रात्री पाहा, भेग मिटली तर कारण सापडलं. जूनमध्ये पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा थंडावा जातो, तेव्हा पंपाचं बटण बंद करून नुसता पंखा चालवावा.

चहाचा हिशेबही वहीतून निघतो. चहातलं कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊच्या चहाचं निम्मं कॅफिन पहाटे दोनला अंगात असतं. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करून दहा दिवस पाहा. काहींना काडीचाही फरक पडत नाही. त्यांनी खुशाल प्यावा.

दुपारची झोप उन्हाळ्यात शेतकऱ्याची गरजच आहे. ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासात उरकली तर रात्रीच्या झोपेला सहसा धक्का लागत नाही. दोन तास झोपलात तर रात्रीची पट्टी किती सरकते, ते घड्याळ स्वतः दाखवेल.

रात्रीची लाईट आणि रात्रपाळी

शेतीपंपाची लाईट ज्यांच्याकडे पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, त्यांच्या झोपेचा आलेख शहरी ॲपला समजत नाही. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाच्या फोनवर मी पाहिलेली रात्र अशी होती: साडेनऊला झोप, साडेबाराला भेग, पाऊण तास चालण्याची पावलं, दीडच्या पुढे पुन्हा झोप, साडेपाचला जाग. मधल्या पाऊण तासात ते बांधावरून ठिबकचे वॉल बदलून आले होते. ॲपने फक्त दुसरा तुकडा धरला आणि "चार तास, अपुरी झोप" असा शेरा मारला. पहिले तीन तास "डुलकी" या वेगळ्या पानावर पडून होते. अशा वेळी ॲपची बेरीज बाजूला ठेवून दोन्ही तुकडे वहीत स्वतः मिळवायचे. सात तास झाले म्हणजे सलग सात तासांसारखं झालं असं नाही, पण चार आणि सातमध्ये फार फरक आहे.

त्या गृहस्थांनी नोंद पाहून एक केलं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात जेवण आणि झोप तासभर अलीकडे आणली. ऑटो स्टार्टर बसवणं, वॉल संध्याकाळीच लावून ठेवणं, ज्यांच्या फीडरला सोलरची दिवसा लाईट आली आहे त्यांनी रात्रीचं पाणी बंद करणं, हे उपायही झोपेचेच आहेत. रात्री शेतात एकटं जाण्यातला साप-विंचवाचा आणि बिबट्याचा धोका वेगळा सांगायला नको.

रात्रपाळीवाल्यांनी ॲपमधली झोपेची ठरलेली वेळ पाळीप्रमाणे बदलावी, नाहीतर दिवसा झोपेत सूचना वाजत राहतात. पाळीहून परतताना गॉगल घालून या, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर कमी येतं, आणि घरी खिडकीला जाड पडदा लावा. आपल्या शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. त्याचं आतलं यंत्र उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पाळीचा आठवडा आणि सुट्टीचा आठवडा यांची सरासरी एकत्र काढू नका, त्यातून काहीच बोध होत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं

मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास थांबणं, गुदमरून दचकून उठणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्याजागी डोळा लागणं. यातली दोन-तीन लक्षणं असतील तर घड्याळ "सगळं छान" म्हणालं तरी डॉक्टरांना दाखवा. श्वास थांबतो का हे झोपलेल्याला कळत नाही, त्यासाठी शेजारी झोपणाऱ्याचा शब्द प्रमाण. बायको किंवा नवरा सांगत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना पेंग येत असेल तर त्याच आठवड्यात जा.

रात्रीचा ऑक्सिजन एकदाच ८८ दिसला तर घाबरू नका, हात अंगाखाली दबला तरी असं होतं. पण कित्येक रात्री तो वारंवार नव्वदच्या खाली उतरत असेल तर ती नोंद घेऊन जा. ॲपल आणि सॅमसंगच्या काही घड्याळांतल्या स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराच्या, सूचनेला २०२४ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. ती सूचनाही फक्त तपासणी करून घ्या एवढंच सांगते, निदान करत नाही. निदान झोपेच्या तपासणीतूनच होतं.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कान-नाक-घसा किंवा छातीच्या विकारांच्या ओपीडीत सुरुवात करता येते. जाताना चारशे पानांचा अहवाल छापून नेऊ नका. आठवड्याच्या पट्ट्यांची दोन-तीन चित्रं, वही आणि शक्य असेल तर घोरण्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग एवढं पुरतं.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मधेच उडते आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललं आहे, तर तो निद्रानाश समजून उपचार घ्यावा. त्यावर समुपदेशनाने होणारे उपचार आहेत, मेडिकलमधून परस्पर गोळी आणून खाऊ नये. चिंता, कर्ज, घरातलं दुःख यांनी झोप उडाली असेल तर सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

घड्याळ दुसऱ्याला देताना

नवं घेतल्यावर जुनं घड्याळ बाबांना किंवा बहिणीला दिलं जातं. तसंच्या तसं देऊ नका. घड्याळ फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातलं सगळं पुसून नव्यासारखं करा, तुमच्या ॲपमधून काढा आणि त्यांच्या फोनवर त्यांच्या नावाने नव्याने जोडा. तुमच्या ठोक्यांवर बसवलेली सरासरी त्यांच्या अंगाला लागू होत नाही. बाहेर विकत असाल तर ॲपच्या खात्यातली आरोग्याची नोंदही पुसून घ्या. झोपेच्या वेळांवरून घरात माणूस कधी जागं असतं आणि कधी नसतं हे कुणालाही कळतं, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही टाळावं. आई-बाबांच्या घड्याळाची नोंद मुलांना पुण्यात किंवा सुरतेत दिसावी अशी सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ती चालू करण्याआधी त्यांना विचारा, आणि चालू केल्यावर रोज सकाळी "आई, काल फक्त पाच तास झोपलीस" असा फोन करू नका. आठवड्यातून एकदा पट्ट्या बघितल्या तरी पुरे.